सगळ्या गल्लीत केबल बंद

“सगळ्या गल्लीत केबल बंद हाय,” दादा म्हणाले, आणि त्याच वेळी समोरच्या कमलकाकूंच्या घरातून मालिकेचं गाणं सुरू झालं.

दादांना ते ऐकू आलं नाही. माझे वडील इचलकरंजीत जॉबर होते, म्हणजे यंत्रमाग बिघडले की दुरुस्त करणारे. उभा जन्म मागांच्या खडखडाटात गेला आणि त्यात कान गेले; समोर उभं राहून मोठ्यानं बोललं तरच ऐकू येई. समोरच्या घरात बासरी वाजतेय, मग त्या गाणाऱ्या बाईचा आवाज चढतोय, हे मला आणि आईला स्पष्ट ऐकू येत होतं, आणि दादा बंद टीव्हीपुढं उभे राहून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत सांगत होते, “पार चौकापासनं सगळंच बंद हाय. लई दिवस लागतील म्हणाला केबलवाला.”

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घालून शेंगा सोलत राहिले.

“बरं,” आई म्हणाली. “असू दे. आपण न्हाई बघितला म्हणून दवाखाना काय बंद पडत न्हाई.”

दवाखाना म्हणजे ती मालिका. तिचं खरं नाव काहीतरी अवघड, संस्कृत होतं, पण आमच्या घरात ते कुणी घेतलं नाही. एका मोठ्या इस्पितळातली गोष्ट, वर्षानुवर्षं चाललेली. डॉक्टर बदलले, डॉक्टरांच्या बायका बदलल्या, एकदा तर इस्पितळाची इमारतच बदलली आणि कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारी माणसं. त्यामुळे साडेसातला आईची झाकपाक झालेली असायची. पदराला हात पुसत ती बाहेर यायची आणि म्हणायची, “चला, दवाखान्याची वेळ झाली.” घरात पाहुणा असला तर तो दचकायचा.

लग्न होऊन मी सांगलीला गेले, तरी आमचं फोनवरचं निम्मं बोलणं त्या दवाखान्याबद्दलच असे. आईला डॉक्टरांशी काही देणंघेणं नव्हतं. तिचा सगळा जीव माईवर. माई म्हणजे इस्पितळाची कँटीन चालवणारी विधवा बाई. मोठ्या सर्जनलासुद्धा “आधी हात धुऊन या” म्हणून परत पाठवणारी.

“एवढ्या सगळ्यांत ही एकच शहाणी हाय,” आई म्हणायची.

आणि त्या श्रावणात माई आजारी पडली. तिच्या पोटात गाठ निघाली. इस्पितळातल्या सगळ्यांना कळलं, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की माईला सांगायचं नाही.

तो भाग बघताना मी आईच्या शेजारून उठून आत गेले. कारण थोड्याच दिवसांपूर्वी मिरजेच्या डॉक्टरांनी मला आत बोलावून आईच्या पोटातल्या गाठीबद्दल सांगितलं होतं. स्वादुपिंडातली गाठ, यकृतापर्यंत पसरलेली. ऑपरेशनचा उपयोग नाही. दिवाळी गाठतील असं वाटत नाही. आई बाहेर बाकावर बसली होती, शेजारच्या बाईला मेथीच्या वड्या कशा करायच्या ते सांगत. मी दादांना आवाराच्या टोकाला, सायकली लावतात तिथं नेलं आणि सांगितलं.

दादा बराच वेळ एका सायकलची घंटी अंगठ्यानं नुसती दाबत-सोडत राहिले. मग म्हणाले, “तिला सांगायचं न्हाई. सूज हाय म्हणायचं. गोळ्यांनी जाईल म्हणायचं.”

“तुम्हाला जमंल, दादा?”

मी उगीच विचारलं नव्हतं. दादांना खोटं बोलता येत नसे. आईनं नवी साडी नेसून विचारलं तर ते म्हणत, “जुनीच बरी होती.” कमलकाकूंच्या मुलीला बघायला आलेल्यांनी शेजारी म्हणून मुलीचा स्वभाव विचारला, तर दादा म्हणाले, “कामाला वाघ हाय, पण जरा तापट.” कमलकाकू वर्षभर आमच्या दारात आल्या नाहीत.

“जमवायला लागंल,” दादा म्हणाले.

म्हणून, मालिकेत माईलाही गाठ निघाल्याचं मी सांगितलं तेव्हा, त्यांनी टीव्हीची वायर उपटून कपाटामागं कोंबली होती. मी तेव्हा आईजवळ येऊन राहिले होते; सकाळी केर काढताना ती पाहिली आणि तशीच ठेवली.

त्या आठवड्यात दादांना जादा पाळी होती; दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते अजून कारखान्यात होते, तेव्हा आई अंथरुणावरून उठली, तोंडावर पाणी मारलं, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, “कमलकडं जाऊन येतो जरा.” आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना जातो-येतोच म्हणतात. “लई दिवस झाले, तिच्याकडं गेलो न्हाई.”

तिचे डोळे तेव्हा पिवळे पडले होते. न्हाणीपर्यंत जायचं तरी भिंत धरावी लागे. पण ती निघाली, आणि मी तिला धरून गल्ली ओलांडली. कमलकाकूंनी दार उघडलं आणि काही न विचारता खुर्ची पुढं ओढली. टीव्हीवर गाणं सुरूच होत होतं.

असे काही दिवस गेले. दादांना आम्ही सांगायचो, कमलकाकूंकडं बसायला गेलो होतो. ते खरंही होतं.

मग तो भाग आला. माई कँटीनमधून चहाचा ट्रे घेऊन निघते, आणि अर्ध्या उघड्या दारातून तिला डॉक्टर आणि सिस्टरचं बोलणं ऐकू येतं. ट्रे काही पडला नाही. मला वाटलं होतं पडेल. माईनं तो नीट टेबलावर ठेवला, आत गेली, आणि रडणाऱ्या तरुण डॉक्टरच्या डोक्यावर हात ठेवून बोलायला लागली. माणूस येतो तसा जाणारच, तुमची सेवा घडली हे माझं भाग्य, माझ्या मागं कँटीन बंद पडू देऊ नका, असं बरंच. मागं बासरी. सगळं इस्पितळ रडत होतं. कमलकाकू पदर तोंडात कोंबून हुंदके देत होत्या. आईबद्दल त्यांना माहीत होतं. मीच सांगितलं होतं. त्या माईसाठी रडत नव्हत्या हे उघड होतं. मी आईकडं बघायचं टाळत होते.

आई म्हणाली, “खोटं हाय हे.”

कमलकाकूंचा हुंदका थांबला. “काय खोटं, पद्माक्का?”

“असं कोण बोलतंय का? माणूस आधी घाबरतंय. मग विचारतंय, किती दिवस. ही बाई एवढी शहाणी, आणि एवढं विचारायचं सुचलं न्हाई तिला?”

कमलकाकू माझ्याकडं बघायला लागल्या. मी उठले. “चल आई, दादा यायची वेळ झाली.”

गल्लीच्या मध्येच ती थांबली. पलीकडच्या शेडमधले माग चालू होते आणि दारादारांतून त्याच मालिकेचं संपतानाचं गाणं वाजत होतं. मला वाटलं दमली असेल. तिनं माझा दंड धरला होता, तो सोडला नाही.

“राजी,” ती म्हणाली, “त्या माईला किती दिवस सांगितलेत गं डॉक्टरनी?”

मालिकेत तसं काहीच सांगितलं नव्हतं. ‘न्हाई सांगितलं’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. माझ्या जिभेवर ते आलंही होतं. पण ती माझ्याकडं बघत होती. घाबरलेली होती, हे मला तेव्हा दिसलं. माझी आई घाबरलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

“दिवाळीपर्यंत,” मी म्हणाले.

“दिवाळी बघंल?”

“डॉक्टर न्हाई म्हणाले.”

तिनं मान हलवली. ओठ आत ओढून घेतले आणि समोरच्या भिंतीकडं बघत राहिली. एक सायकलवाला घंटी वाजवत बाजूनं गेला. मग तिनं विचारलं, “आणि तिच्या मालकाला ठाऊक हाय?”

माई विधवा होती. मालिकेच्या पहिल्या भागापासून.

“ठाऊक हाय,” मी म्हणाले.

“तरीच,” आई म्हणाली. “तरीच सगळ्या गल्लीत केबल बंद.” आणि ती हसली. खरंच हसली, पोटाला हात लावून, मग दुखायला लागलं म्हणून थांबली. “तिकडं गाणं वाजतंय, आणि हे आपले कॅलेंडरला सांगाल्यात!”

मला हसू येईना. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि भर गल्लीत रडले. तिनं मला रडू दिलं. थोड्या वेळानं म्हणाली, “हौदावर तोंड धू आणि मगच घरात चल. आणि ऐक. मला कळलंय ते त्यांना कळू द्यायचं न्हाई. कधीच न्हाई. माझ्या गळ्याची आण हाय तुला.”

“का पण?”

“आण घातलीया न्हवं? मग का कशाला विचारतीस?”

दोन दिवसांनी दादांच्या लक्षात आलं, की आई रोज भिंत धरत गल्ली ओलांडून दवाखाना बघायलाच जाते. दुसऱ्या सकाळी मी केर काढताना पाहिलं, तर कपाटामागची वायर परत टीव्हीला जोडलेली होती. “आली की केबल,” ते म्हणाले. “तरी लवकर आली.”

“लई लवकर आली,” आई म्हणाली.

त्यानंतर दादा स्वतःही साडेसातला बसायला लागले. इतक्या वर्षांत त्यांनी त्या मालिकेकडं ढुंकून पाहिलं नव्हतं, आणि त्यांना ऐकूही येत नव्हतं. ते आईकडंच बघत बसायचे. माई पलंगावर दिसली, की त्यांना काहीतरी काम निघायचं. कधी ते टीव्हीसमोर उभे राहून डास मारायचे. कधी मधोमध येऊन बल्ब तपासायचे.

“बाजूला व्हा की, दिसंना झालंय,” आई ओरडायची.

“काय बघायचंय त्यात? रडारड सगळी,” दादा म्हणायचे. मग भिंतीकडं तोंड करून, “दिवाळी झाली की बाहुबलीच्या डोंगरावर दर्शनाला जाऊ. तोवर तू ठणठणीत होशील.”

“कशानं जायचं?”

“एसटीनं.”

“मला डोंगर चढवंल?”

“चढवंल की. न्हाई तर डोली करू.”

“डोलीवाला किती घेतो?”

दादा कॅलेंडरचं पान उलटायचे, परत खाली सोडायचे. आई उत्तराची वाट बघत बसायची. मला ते बघवत नसे. एकीला माहीत, दुसऱ्याला माहीत, आणि दोघं डोलीचा भाव काढतायत. तिच्या अंगात रोज थोडं कमी बळ असे. मी मनाशी दिवस मोजायचे आणि चिडायचे. एवढ्या वर्षांचा संसार. एकमेकांशी बोलायचं असेल तर ते याच दिवसांत, आणि हे दिवस असे चाललेत.

आश्विनातल्या एका दुपारी दादा औषधं आणायला गेले होते, तेव्हा मी आईला म्हणालेच. “एकदा बोल की त्यांच्याशी. नंतर त्यांनी काय करायचं? तू काहीच न बोलता गेलीस तर ते कसं सोसतील?”

आई पडून होती. मी तिचे पाय चेपत होते. तिनं डोळे न उघडता मला सांगितलं, ती का बोलत नाही ते. सावकाश, मध्ये दम घेत सांगितलं. ते ऐकल्यावर मी परत कधी तो विषय काढला नाही.

दिवाळीला थोडे दिवस राहिले असताना तिला मिरजेला हलवावं लागलं. शेवटच्या दिवशी मावशी तिच्या कानात णमोकार मंत्र म्हणत होती. मी पायाशी, दादा उशाशी. दादांनी वाकून तिला सांगितलं, “उद्या घरी जायचं हं. डॉक्टर सोडतो म्हणालेत.” सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

आईनं डोळे उघडले, त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, “हं.”

तेवढंच. संध्याकाळी ती गेली.

दिवस झाले, पाहुणे पांगले. माझे यजमान मुलीला घेऊन सांगलीला परतले. मी दादांसाठी थांबले. दादा सकाळी कारखान्यात जायचे, संध्याकाळी यायचे, मी वाढलेलं जेवायचे. आणि साडेसात वाजले की टीव्ही लावायचे. मी पहिल्यांदा म्हणाले, “नको दादा.” तर म्हणाले, “लागू दे. घर लई गप झालंय.” त्यांना कुठं ऐकू येत होतं! तरी म्हणाले.

आणि मग एका संध्याकाळी माई बरी झाली.

परदेशातून कुठलंसं इंजेक्शन आलं होतं. गाठ विरघळली. तरुण डॉक्टर धावत आला, हातात रिपोर्ट नाचवत. सगळं इस्पितळ कँटीनपुढं जमलं, माईला हार घातला, पेढे वाटले. माई पदर खोचून म्हणाली, “चला, चहा टाकते सगळ्यांना,” आणि बासरी वाजली.

मला वाटलं, हाताला लागेल ते टीव्हीवर फेकावं. कुणीतरी कुठंतरी बसून लिहिलं असेल, माईला ठेवा, लोकांना आवडते. एवढं सोपं. मी बंद करायला उठले.

“असू दे,” दादा म्हणाले. “तिची माई हाय ती. बरी झाली तर होऊ दे.”

मी परत बसले. दादा पडद्याकडं बघत होते. जाहिराती लागल्या, संपल्या.

“एक मात्र चांगलं झालं,” ते म्हणाले. “तुझ्या आईला शेवटपर्यंत कळलं न्हाई.”

मी त्यांच्याकडं वळले.

“कळलं असतं तर मला काहीतरी बोलली असती. एवढ्या वर्षांचं माणूस. जाताना कायतरी बोलतंयच की. संभाळून राहा, म्हणतंय. चुकलं-माकलं, म्हणतंय. न्हाई तर मग शिव्या तरी देतंय.” त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं नाक पुसलं. “हं म्हणाली नुसतं. म्हणजे कळलंच न्हवतं तिला. चांगलं झालं.”

चांगलं झालं, असं म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा तसा नसतो. मला आईची शपथ आठवत होती, आणि समोर हा माणूस होता, ‘हं’ एवढ्या एका अक्षरावर उरलेलं आयुष्य काढायला बसलेला. आई इथं असती आणि तिनं हा चेहरा पाहिला असता, तर तिनं काय केलं असतं, मला माहीत नाही. मी टीव्हीचा आवाज बंद केला.

“दादा, आईला माहीत होतं.”

“काय?”

मी जवळ सरकले. “आईला माहीत होतं! सगळं!”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “कुणी सांगितलं?”

“मी.”

“कधी?”

“केबल बंद होती तेव्हा.”

हळूच हिशेब लागावा तसे त्यांचे ओठ हलले; बाहुबली, एसटी, डोली, उद्याचं घरी जाणं, एकेक करून सगळं त्यांना आठवत असावं. मला वाटलं, मी हे काय करून बसले.

“आणि तरी बोलली न्हाई माझ्याशी,” ते म्हणाले. “एवढा राग होता माझ्यावर?”

“न्हाई, दादा. राग न्हवता.”

“मग?”

तेव्हा मी त्यांना सांगितलं, त्या दुपारी पाय चेपताना आईनं जे मला सांगितलं होतं ते. हळू आवाजात. अर्ध्यातच दादांनी तळहात कानामागं धरला.

“मोठ्यानं बोल. काय म्हणाली ती?”

पलीकडच्या शेडमध्ये माग चालू होते. खिडकी उघडी होती. आईचं ते बोलणं अशा आवाजात सांगायचं नव्हतं. ते कुजबुजून सांगायचं होतं, तिनं मला सांगितलं तसं. पण दुसरा मार्ग नव्हता. मी उठले, त्यांच्यापुढं गुडघ्यांवर बसले आणि ओरडून सांगितलं.

“आई म्हणाली, तुझे दादा जन्मात कधी खोटं बोलले न्हाईत! माझ्या तोंडावर माझी साडी वाईट म्हणाले! आणि आता माझ्यासाठी रोज खोटं बोलाल्यात! त्यांना जमत न्हाई, तरी बोलाल्यात! ते बघत बसायला मला लई गोड वाटतंय, राजी! मी बोललो, तर त्यांना थांबायला लागंल! मला ते थांबायला नको हाय!”

समोर कमलकाकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. गल्लीतलं कुणी कुणी थांबलं होतं.

दादांचा हात अजून कानामागंच होता. त्यांचे डोळे भरून वाहत होते. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. शब्द न् शब्द ऐकू आला होता.

“परत सांग,” ते म्हणाले.

मी परत सांगितलं.